मूरेआची शिरगणती

हेन्री क्रॅम्प्टन न्यू यॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. १९०६ साली ते पहिल्यांदा ताहितीला पोचले आणि किनाऱ्यावर न रेंगाळता थेट डोंगरात शिरले. एका दरीत उतरायचं, रानकेळीच्या आणि जास्वंदीच्या कुळातल्या झाडांच्या पानांखाली चिकटलेल्या गोगलगायी वेचायच्या, पिशवीवर दरीचं नाव टाकायचं, डोंगराची सोंड ओलांडून पुढच्या दरीत उतरायचं. असं वर्षानुवर्षं. घरी परतल्यावर प्रत्येक शंखाची लांबी, रुंदी, तोंडाचा आकार, रंग, पट्टे आणि वळसा डावा की उजवा, हे सगळं तक्त्यात मांडायचं. संगणक नव्हतेच, सरासऱ्या आणि विचलनं हातानं काढलेली, तीही दशांशचिन्हापुढे भरपूर घरांपर्यंत. या मोजमापांतून तीन जाडजूड ग्रंथ उभे राहिले. १९१६ साली ताहितीवरचा, १९२५ साली ग्वाम आणि मारियाना बेटांवरचा, १९३२ साली मूरेआवरचा.

एवढा उपद्व्याप कशासाठी, असं कोणीही विचारील. गोगलगाय कसली, तर पार्टुला. बोटाच्या पेरात मावेल एवढी, पिकाला तोंड न लावणारी, झाडावरचं शेवाळ आणि कुजकी पानं खरवडून जगणारी. पण क्रॅम्प्टनना उत्क्रांतीचा एका घडीचा पंचनामा करून ठेवायचा होता. आज कोणत्या दरीत कोणत्या रंगाच्या किती गोगलगायी आहेत ते नोंदलं, तर पन्नास-शंभर वर्षांनी दुसरा कोणी त्याच दऱ्यांत जाऊन काय बदललं ते सांगू शकेल, हा त्यांचा हिशेब. हिशेबात एक गोष्ट गृहीत होती. पन्नास-शंभर वर्षांनी दऱ्यांत मोजायला गोगलगायी असतील.

कल्पना मुळात त्यांचीही नव्हती. हवाई बेटांवर मिशनरी घरात १८३२ साली जन्मलेले जॉन गुलिक तरुणपणी ओआहू बेटावर झाडांवरच्या अकॅटिनेला गोगलगायी जमवत हिंडले होते. त्यांना दिसलं की डोंगराच्या एका सोंडेपलीकडे गेलं की गोगलगायीचा रंग बदलतो. झाडं तीच, पाऊस तोच, खाणं तेच, तरी रंग वेगळा. पुढे गुलिक धर्मप्रचारक म्हणून चीन-जपानात गेले, पण शंखांची शंका काही डोक्यातून गेली नाही. १८७२ साली त्यांनी ‘नेचर’मध्ये लेख लिहिला आणि त्याच वर्षी खुद्द डार्विनची गाठ घेतली. त्यांचं म्हणणं असं, की परिस्थिती सारखी असूनही केवळ वेगळं पडल्यामुळे, थोडंफार योगायोगानं, प्राण्यांच्या पिढ्या एकमेकींपासून दूर जातात. डार्विनचे समकालीन उत्क्रांतिवादी वॉलेस यांना हे मुळीच पटलं नाही. आपल्याला परिस्थिती सारखी दिसते, गोगलगायीला ती तशी नसेल, असा त्यांचा युक्तिवाद. वाद मिटला नाही. आणि तो मिटवायला गोगलगायीइतका सोयीचा साक्षीदार दुसरा नव्हता. ती उडत नाही, पोहत नाही, आयुष्यभरात फार तर चार झाडं ओलांडते. दरी हाच तिचा देश.

ब्रायन क्लार्क आणि जेम्स मरे हे दोघे १९६० च्या दशकात मूरेआला पोचले ते क्रॅम्प्टनचे तक्ते घेऊनच. क्लार्क इंग्लंडचे, मरे अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाचे. १९७१ साली क्लार्कनी नॉटिंगहॅम विद्यापीठात जनुकशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे मायकेल जॉन्सन त्यांना येऊन मिळाले. मूरेआ म्हणजे ताहितीपासून सतराएक किलोमीटरवरचं, जेमतेम १३४ चौरस किलोमीटरचं बेट. त्यावर पार्टुलाच्या सात जाती. हे तिघे क्रॅम्प्टनच्या एक पाऊल पुढे गेले. त्यांनी गोगलगायींची पैदास केली, संकर केले, त्यांच्या शरीरातली प्रथिनं जेलवर वेगळी करून जनुकांचे प्रकार मोजले.

जे हाती लागलं त्यानं पाठ्यपुस्तकातली ‘जात’ची व्याख्या डळमळली. शंखावरून, रंगावरून, वागण्यावरून या सात जाती वेगळ्या. पण प्रथिनांच्या हिशेबात इतक्या जवळच्या, की त्यांच्यातलं अंतर एकाच जातीच्या दोन वस्त्यांमधल्या अंतराएवढंच भरे. काही दऱ्यांत दोन जाती शेजारी राहत, पण एकमेकींकडे वळूनही बघत नसत. दुसरीकडे त्याच दोन जातींचे धागे मधल्या वस्त्यांमधून एकमेकींत मिसळलेले. टीनियाटा आणि सुतुरालिस या दोन जातींत तर आणखी गंमत. त्या जिथे एकत्र नांदत तिथे त्यांची जनुकं एकमेकींशी जास्त जुळत. कधीतरी चुकूनमाकून झालेल्या संकरातून एका जातीची जनुकं दुसरीत झिरपत होती, आणि तरीही दोन्ही जाती आपापलं रूप टिकवून होत्या.

वळशाचं प्रकरण जवळून पाहण्याजोगं आहे. बहुतेक गोगलगायींचा शंख उजवीकडे वळतो. पार्टुला सुतुरालिस मात्र दोन्ही प्रकारची. बेटाच्या एका भागात डावी, दुसऱ्या भागात उजवी. वळसा कोणता, हे पिल्लाच्या स्वतःच्या जनुकांवर ठरत नाही. ते ठरतं आईच्या जनुकांवर. म्हणजे गुण दिसतो तो एक पिढी उशिरा. आता दोन गोगलगायींचे वळसे उलट असले की समागम अवघड होतो, कारण एकीचं अंग जिथे असतं तिथे दुसरीचं नसतं. आणि नकाशा मांडल्यावर दिसलं, की सुतुरालिस जिथे दुसऱ्या एखाद्या जवळच्या जातीशेजारी राहते तिथे तिचा वळसा नेमका त्या शेजारणीच्या उलट. चुकीच्या ठिकाणी सोयरीक जुळू नये याची ही तजवीज, तीही एका जनुकाच्या जोरावर! एका जातीच्या दोन जाती कशा होतात हे जीवाश्मांतून ताडावं लागतं. मूरेआवर ते चालू असताना बघता येत होतं. १९८० साली मरे आणि क्लार्क यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलेल्या निबंधाच्या मथळ्यातच जाती घडण्याचं हे काम चालू असल्याचं म्हटलं होतं. निबंध छापून आला तेव्हा मूरेआवर दुसरंही एक काम चालू झालेलं होतं.

त्या दुसऱ्या कामाची सुरुवात शोधायला कोलकात्यापर्यंत मागे जावं लागतं. विल्यम बेन्सन हे कंपनी सरकारच्या बंगालातल्या नोकरीतले अधिकारी आणि शंखांचे दर्दी. १८४७ साली त्यांनी मॉरिशसहून आफ्रिकी राक्षसी गोगलगाय, अकॅटिना फुलिका, जिवंत आणली. चौरंगीतल्या एका बागेत ती सुटली आणि बघता बघता तिथलीच होऊन गेली. मूळची ती पूर्व आफ्रिकेची. हिंदी महासागरातल्या बेटांवर आधीच माणसाबरोबर पोचलेली. कोलकात्यानंतर १९०० च्या सुमारास श्रीलंका, मग आग्नेय आशिया, मग जपानी अमलाखालची पॅसिफिक बेटं, १९३६ साली हवाई. कुठे कोणी औषधी म्हणून नेली, कुठे खायला, कुठे नुसती हौस. एका खेपेला शंभर ते चारशे अंडी घालणारी, पाचशेहून जास्त प्रकारच्या वनस्पती खाणारी, दुष्काळात शंखाचं तोंड बंद करून महिनोनमहिने पडून राहणारी ही गोगलगाय १९६७ साली ताहितीला लागली. भाजीपाल्याचे मळे फस्त होऊ लागले. शिवाय उंदरांच्या फुप्फुसातला एक जंत तिच्यातून माणसात शिरतो आणि मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. ती भीती वेगळीच.

सरकारनं काहीतरी करायला हवं, अशी ओरड झाली. सरकारनं केलं.

उपाय तयार होता, कारण हवाईनं तो १९५५ सालीच करून पाहिला होता. फ्लोरिडाची युग्लँडिना रोझिया ही गुलाबी छटेच्या शंखाची शिकारी गोगलगाय. ती इतर गोगलगायी खाते. तोंडाशी मिशांसारखे दोन लांब ओठ. त्यांनी जमिनीवरची आणि खोडावरची चिकट वाट हुंगत ती सावजामागे लागते, आणि चालीला सावजाच्या दोन-तीन पट भरते. लहान सावज असेल तर शंखासकट गिळते, मोठं असेल तर शंखात डोकं खुपसून कुरतडते. हवाईत तिनं आफ्रिकी गोगलगायीला आवर घातल्याचा धड पुरावा नव्हता. ओआहूच्या रंगीत अकॅटिनेला मात्र तिच्या वाटेत होत्या. तरी १९७४ साली तिला ताहितीवर आणि १९७७ साली मूरेआवर फ्रेंच प्रशासनानं सोडलं. ज्या उपायाची परीक्षा झाली होती आणि जो नापास झाला होता, तो दुसऱ्या बेटावर पुन्हा का करावा, याचं समाधानकारक उत्तर आजवर कोणाकडून आलेलं नाही. प्रयोगशाळेत बसून शत्रूचा शत्रू निवडणाऱ्यांना एक साधी गोष्ट सुचली नाही: भुकेल्या शिकाऱ्याला तळहाताएवढी, जाड शंखाची आफ्रिकी गोगलगाय दिली आणि शेजारी पेरभर लांबीची नाजूक पार्टुला ठेवली, तर तो कशाला हात घालील?

पार्टुलाचा दुबळेपणा आणखी एका ठिकाणी होता. ती अंडी घालत नाही. पिल्लू पोटात वाढवते आणि एका वेळी एकच, लहानसा शंख असलेलं, जन्माला घालते. ज्या बेटावर लाखो वर्षं गोगलगाय खाणारी गोगलगाय नव्हती तिथे हा संथ संसार व्यवस्थित चालला. युग्लँडिनापुढे तो चालणं शक्य नव्हतं.

क्लार्क, मरे आणि जॉन्सन यांनी १९८४ साली ‘पॅसिफिक सायन्स’मध्ये छापलेला निबंध वाचताना आजही कसंसंच होतं. त्यात हळहळ नाही, गणित आहे. युग्लँडिना वर्षाला साधारण १.२ किलोमीटर या वेगानं बेटभर पसरते आहे. एक जात रानातून गेलीच. हाच वेग राहिला तर उरलेल्या बहुतेक १९८६-८७ पर्यंत संपतील. ज्यांनी वीस वर्षं दरीनिहाय जनुकांचे नकाशे काढले त्यांनीच त्याच नकाशावर शिकाऱ्याची आघाडी दरवर्षी पुढे सरकवून दाखवली. १९८७ साली बेट पुन्हा पालथं घातलं तेव्हा त्यांना मूरेआवर एकही जिवंत पार्टुला सापडली नाही. गणित बरोबर आलं होतं.

मूरेआ हे निमित्त. ताहिती-मूरेआच्याच सोसायटी द्वीपसमूहातल्या राईआतेआ बेटावर तीसहून अधिक जाती होत्या. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिकारी तिथेही पोचली आणि काही वर्षांत तिनं बेट जवळजवळ रिकामं केलं. २००३ साली एका निबंधात सोसायटी बेटांच्या रानातला एकूण ताळेबंद मांडला गेला: ६१ जातींवरून ५. आफ्रिकी गोगलगायी मात्र जिथे कमी झाल्या तिथेही त्याचं श्रेय युग्लँडिनाला देता येत नाही. पसरून झाल्यावर त्यांची संख्या बऱ्याच ठिकाणी आपोआपच ओसरते.

बाकी जे वाचलं ते डब्यांत. प्रयोगासाठी नॉटिंगहॅम आणि व्हर्जिनियात पाळलेल्या, आणि शेवटच्या घटकेला दऱ्यांतून उचललेल्या मूठभर गोगलगायी लंडन, एडिनबरा, जर्सी, सेंट लुईस, डेट्रॉइट इथल्या प्राणिसंग्रहालयांत वाटल्या गेल्या. प्लॅस्टिकचा डबा, तळाशी ओला कागद, भिंतीला लावलेलं खाणं: ओटचं पीठ, नेटलचा वाळवलेला पाला, समुद्रफेसाची पूड. एका जातीचं सगळं भवितव्य फडताळातल्या दोन-चार डब्यांत. यात जनुकांचा प्रश्न लगेच डोकं वर काढतो. दरीदरीत पसरलेल्या हजारो गोगलगायींमधलं वैविध्य पाच-दहा पूर्वजांच्या वंशात कितीसं उतरणार? रोगाला किंवा बदललेल्या हवेला तोंड देण्याची ताकद अशा वंशात किती, हेही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. पार्टुला टर्जिडा या राईआतेआच्या जातीची अखेरची गोगलगाय जानेवारी १९९६ मध्ये लंडनमध्ये मेली. तपासणीत एक सूक्ष्म परजीवी सापडला. त्यानं डब्यातली सगळी वस्ती संपवली होती. पार्टुला फाबा ही त्याच बेटावरची. कॅप्टन कुकच्या १७६९ सालच्या सफरीत युरोपियनांच्या हाती लागलेली ही जात. तिची शेवटची गोगलगाय २०१६ साली एडिनबरात गेली. गुलिकच्या ओआहूवर तेच: अकॅटिनेला एपेक्सफुल्व्हाचा शेवटचा प्रतिनिधी, पाळणाऱ्यांनी ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारलेला, १ जानेवारी २०१९ रोजी मेला. त्याच्या पायाचा कणभर तुकडा आधीच कापून गोठवून ठेवला होता. जाती हातातून निसटताना निदान त्यांचा डीएनए तरी राखावा, ही कल्पना पार्टुलाच्याच धक्क्यातून आली. २००४ साली क्लार्क आणि त्यांच्या पत्नी ॲन यांच्या पुढाकारानं ‘फ्रोझन आर्क’ हा गोठवलेल्या नमुन्यांचा प्रकल्प उभा राहिला.

नॉटिंगहॅममध्येच पुढे या कथेतल्या दुसऱ्या पात्राचीही जनुकं मोजली गेली. २०१४ साली ‘प्लॉस वन’मध्ये आलेल्या या निबंधाच्या लेखकांत पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयाचे हेमंत घाटेही आहेत. २६ प्रदेशांतल्या ३९ वस्त्यांमधून ५६० आफ्रिकी गोगलगायी घेतल्या आणि आईकडूनच पुढे जाणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातल्या एका जनुकाचे नमुने ताडून पाहिले. एकूण १८ प्रकार निघाले. त्यातले १४ पूर्व आफ्रिकेत आणि हिंदी महासागरातल्या बेटांवर. बाहेरच्या जगात? जवळजवळ सगळीकडे एकच, ज्याला अभ्यासकांनी ‘सी’ असं नाव दिलं. फिलिपिन्स, न्यू कॅलेडोनिया, बार्बाडोस अशा ठिकाणी ‘सी’पासून किंचित फुटलेले प्रकार, आणि भारतात ‘ओ’ नावाचा असाच एक. इक्वेडोर-बोलिव्हियात ‘डी’ हा दुसरा. बस्स. अर्ध्या जगाचं पीक खाणारी ही फौज जनुकांच्या बाबतीत जवळपास एकाच माऊलीची लेकरं आहे, आणि ती माऊली हिंदी महासागरातल्या बेटांवरून निघालेली. हा एकाच जनुकाचा पुरावा आहे हे खरं, पण बेन्सनच्या मॉरिशसच्या खेपेशी तो जुळतो.

वैविध्य म्हणजे टिकून राहण्याची हमी, असं आपण सहज म्हणून जातो. इथे तर हिशेब उलटा पडला. मूरेआच्या पार्टुला जनुकांनी श्रीमंत होत्या आणि दहा वर्षांत संपल्या. आफ्रिकी गोगलगाय कफल्लक आहे आणि तिला अडवणारं कोणी नाही. ज्या शत्रूशी कधी गाठच पडली नाही त्याच्याविरुद्धचं हत्यार कितीही श्रीमंत जनुकसाठ्यात नसतं, आणि एकामागून एक दऱ्या भराभर रिकाम्या होत असतील तर निवड करायला पिढ्याच उरत नाहीत. उलट चारशे अंडी घालणाऱ्याला उधळेपणा परवडतो. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे जनुकशास्त्राशिवायही कळलेलं आहे. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे सोयाबीन दोन पानांवर येतं न येतं तोच शंखी गोगलगायींनी रातोरात रांगाच्या रांगा खुडल्या. लोकांनी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधावर अंथरली, सकाळी त्याखाली गोळा झालेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकल्या, शेताच्या कडेनं चुन्याचा पट्टा ओढला, दुबार पेरणी केली. हातानं वेचणं हा कंटाळवाणा उपाय आहे, पण त्यानं दुसरी कुठली जात नामशेष होत नाही.

पॅसिफिकमध्ये शिकाऱ्याचीही जनुकं तपासली गेली, तेव्हा सरकारी कारभाराचा आणखी एक नमुना उजेडात आला. हवाईत युग्लँडिना रोझिया म्हणून जी सोडली ती एक जात नव्हतीच. दोन वेगळ्या जाती होत्या. आपण काय सोडतो आहोत हेही सोडणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. २०१७ साली हे छापून आलं, म्हणजे पहिल्या खेपेनंतर साठाहून अधिक वर्षांनी.

तरीही रानात तगून राहिलेल्या मोजक्या जातींपैकी एक ताहितीच्या काही दऱ्यांत उरली: हायलिना, पांढऱ्या शंखाची. या जातीचा जुना प्रवासही मजेशीर. ऑस्ट्रल आणि कुक बेटांवर ती मिळते, आणि डीएनए सांगतो की तिथली वस्ती ताहितीहूनच गेलेली. शंखांच्या माळांसाठी पॉलिनेशियन दर्यावर्दींनी ती गलबतांतून नेली, असा अंदाज आहे. म्हणजे त्या बेटांवर पार्टुलाच ‘बाहेरून आणलेली’. पण ती वाचली कशी? मिशिगन विद्यापीठाच्या डायरमिड ओ फोइल यांच्या गटाला संशय होता तो पांढऱ्या रंगाचा. पांढरा शंख ऊन परतवतो, म्हणून ती रानाच्या उजेडाच्या कडेला राहू शकते. शिकाऱ्याला तिथे भाजतं. हे सिद्ध करायला त्यांनी २०१७ साली काही मिलिमीटर मापाचे, उजेड मोजणारे चिमुकले संगणक ताहितीच्या दऱ्यांत नेले. युग्लँडिनाच्या शंखावर ते सरळ चिकटवले. हायलिना संरक्षित जात, तिला हात लावायची परवानगी नाही. तेव्हा ती बसते त्या पानांवर ते ठेवले. हायलिनाच्या जागी सरासरी दहापट ऊन भरलं. १९७० साली जॅक बर्च यांनी शिकारी यायच्या आधी गोळा करून ठेवलेले पार्टुलाचे नमुने याच विद्यापीठात आहेत, आणि गेलेल्या वस्त्यांचा डीएनए आज त्यांतूनच वाचला जातो.

डब्यांतल्या वंशाची घरवापसी २०१५ नंतर नेटानं सुरू झाली. मूरेआवर १९९० च्या दशकात विजेच्या तारा आणि मिठाचे चर लावून कुंपण घालून पाहिलं होतं. शिकारी आत शिरलीच. आता कुंपणाशिवाय, वर्षामागून वर्ष हजारोंनी गोगलगायी सोडल्या जातात. प्रत्येकीच्या शंखावर अतिनील उजेडात चमकणारा रंगाचा ठिपका. या कामाचा बराचसा भार वर्षानुवर्षं ट्रेव्हर कूट यांनी वाहिला. २०२१ साली कोविडनं ते गेले. २०२४ मध्ये मूरेआवर तोहिव्हिआना जातीच्या अशा प्रौढ गोगलगायी दिसल्या ज्यांच्यावर ठिपका नव्हता, म्हणजे त्या रानात जन्मून वाढलेल्या. धोक्यातल्या जातींच्या यादीत ‘रानातून नामशेष’ या रकान्यातून तिचं नाव काढून ‘अति संकटग्रस्त’मध्ये टाकण्यात आलं.

युग्लँडिना अजून बेटावर आहे, जरी तिची संख्या उतरलेली आहे. तिच्या जोडीला न्यू गिनीचा एक चपटा कृमी पोचला आहे. तो झाडावर चढतो, गोगलगायी खातो, आणि पॅसिफिकमधल्या काही बेटांवर त्यालाही आफ्रिकी गोगलगायीचा बंदोबस्त करायला म्हणूनच मुद्दाम सोडलं होतं.